रोज कमरेला बाळगायचं बत्तीस बोर: चक्रीचं (रिव्हॉल्व्हर) घ्यावं की चपटं (पिस्तूल)?

हळदवाला_वसमत

राम राम मंडळी. परवाना एकदाचा हातात पडला. मधे दोन दिवाळ्या गेल्या. ठाण्याचा अहवाल तीनदा फिरला, डॉक्टरचा दाखला झाला, हत्यार हाताळायच्या प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट झालं, अन् शेवटी परवान्याच्या पुस्तकावर युआयएन, म्हणजे परवानेधारकाचा ओळख नंबर, चढला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोंढ्यात माझी आडत आहे. हंगामात माप झालं की शेतकरी रोख मागतो. दोन वर्षांमागं दिवे लागायच्या वेळेला गावाबाहेरच्या पुलाजवळ दोघांनी मोटारसायकल आडवी लावली. पिशवी गेली ती गेली, कोपराला नऊ टाके पडले. त्या दिवसापासून रात्री दार वाजलं की घरातले सगळे आधी माझ्या तोंडाकडं बघतात.

आता प्रश्न असा की घ्यायचं काय? दुकानात चार वस्तू समोर ठेवल्या. कानपूरचं साधं बत्तीस बोर (नळीचं भोक सुमारे ०.३२ इंच) रिव्हॉल्व्हर, त्याचंच हलकं भावंड निर्भीक, नवं आलेलं प्रबल, अन् ईशापूरचं अशनी पिस्तूल. शेवटी कपाटातून फडक्यात गुंडाळलेलं एक जुनं विलायती पिस्तूल काढलं, त्याची किंमत ऐकून मीच ते फडक्यात परत गुंडाळलं. दुकानदार म्हणतो अशनी घ्या, चपटं आहे, शर्टाखाली दिसत नाही. मेव्हणा म्हणतो चक्रीचंच घ्या, अडकत नाही. अन् मी रात्री जागून अमेरिकेतले व्हिडिओ बघायलोय. तिथं सिग पी३६५ म्हणून तळहाताएवढं पिस्तूल आहे, जाडी इंचभर, वजन अर्धा किलो, अन् मॅगझीनमधे दहा गोळ्या! तसं आपल्याकडं काही मिळतं का?

मी दिवसभर गादीवर मांडी घालून बसतो, संध्याकाळी मोटारसायकल. पोट थोडं सुटलेलं आहे, खोटं कामून बोलू. बजेट सव्वा लाख.

उसाचा_ट्रॅक्टर

दादा, सव्वा लाखात दोन म्हशी येतात. दोघी मिळून चोराला शिंगावर घेतील.

माजी_हवालदार_उदगीर

हळदवाले, पहिल्यांदा ते व्हिडिओ बंद करा. तुम्ही लिहिलंय ते पिस्तूल नऊ एमएम आहे. नऊ एमएम पॅराबेलम आपल्याकडं प्रतिबंधित बोर, म्हणजे फौजेचं अन् पोलिसांचं. तुमच्या पुस्तकावर 'अप्रतिबंधित' लिहिलेलं असणार, बघा. शिवाय सामान्य परवानेधारकासाठी बाहेरची हत्यारं आणणं ऐंशीच्या दशकातच बंद झालं, म्हणून तर त्या फडक्यातल्या पिस्तुलाला लाखांचा भाव आहे. ते चांगलं असतं म्हणून नव्हे, दुसरं येत नाही म्हणून. अमेरिकेतला माणूस पन्नास पिस्तुलांतून एक निवडतो. आपण चारांतून निवडायचं, त्यामुळं डोक्याला त्रासही कमी पाहिजे, पण तो काही कमी होत नाही.

दुसरी गोष्ट, ही दुकानातही कोणी नीट सांगत नाही. बत्तीस हे नाव एक, पण काडतुसं दोन. पिस्तुलाचं काडतूस आखूड, पितळी नळकांडं सतरा मिलीमीटरचं, गोळी ७१ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब, नळकांडं तेवीस मिलीमीटरच्या पुढं, बुडाला कडा, गोळी ९८ ग्रेनची, जड पण संथ. एकातलं दुसऱ्यात घालायचं नाही. पाकीट घेताना 'बत्तीसची द्या' म्हणू नका, पिस्तुलाची की रिव्हॉल्व्हरची ते तोंडानं सांगा अन् पाकिटावर वाचा. बुडावर 'केएफ' दिसेल, म्हणजे खडकीचा कारखाना. जोराचं म्हणाल तर दोन्ही सारखीच, नऊ एमएमच्या अंदाजे तिसरा हिस्सा. म्हणून 'कोणती गोळी भारी' हा वाद घालत बसायचं कारण नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. रोज बाळगायच्या हत्यारात मी तीन गोष्टी बघतो. भरलेलं असताना ते किती निर्धोक आहे, एका हातानं चालतं का, अन् चाललं नाही तर पुढं काय.

पिस्तूल चपटं आहे, मान्य. पण ते भरून ठेवायचं म्हणजे नळीत काडतूस ठेवून सेफ्टी (चाप अडवणारा खटका) लावून ठेवायचं. नव्या माणसाला ती सेफ्टी घाईत आठवत नाही, आणि आठवली तर अंगठा घामानं घसरतो. मग बरेच जण नळी रिकामी ठेवतात, वेळेला स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढू म्हणतात. तुमच्या एका हातात पिशवी असणार, दुसऱ्यात गाडीचं हँडल. स्लाइड ओढणार कोण? या छोट्या पिस्तुलांची स्प्रिंग कडक असते, कारण मागं येणारी स्लाइड निव्वळ स्प्रिंग अन् वजनावर थोपवलेली असते. बसल्या जागी ओढून बघा.

चक्रीला हे काही नाही. चाप ओढला की चक्री फिरते, घोडा उठतो, पडतो. ओढ जड असते, दहा-बारा पौंडाची, अन् तो जडपणा हीच तिची सेफ्टी. काडतूस ओल लागून फुसकं निघालं तर पिस्तुलात आधी ते काढून टाकावं लागतं, चक्रीत चाप दुसऱ्यांदा ओढला की पुढचं येतं. सहाच गोळ्या, हौ. पण पुलावरच्या दोन माणसांसाठी पिस्तुलातल्या एक-दोन जास्तीच्या गोळ्यांनी फरक पडत नाही. फरक पहिली कुठं जाते त्यात पडतो.

वजन मात्र सोडून देऊ नका. साधं कानपुरी सातशे ग्रॅमच्या आसपास, निर्भीक टायटॅनियम मिश्रधातूचं म्हणून पाचशे ग्रॅम. २०१४ साली आलं तेव्हा दागिन्याच्या डबीत घालून दिलेलं बघितलंय. प्रबल पुन्हा सातशे, नळी ७६ मिलीमीटर. त्याची गंमत एवढीच की आपली बाकीची रिव्हॉल्व्हरं इंग्रजी वेबलीच्या वळणावर मधून मोडून भरायची, अन् प्रबलची चक्री बाजूला निघते. घाईत दुसऱ्यांदा भरायची वेळ तुमच्यावर येणार नाही, आली तर तुमच्या हाताला ते जमणार नाही.

घ्यायच्या आधी एक करा. आठ दिवस तेवढं वजन कमरेला बांधून हिंडा. मोंढ्यात मापं पडलेलीच असतील.

गुरुजी_सेलू

मला हा सगळा उद्योगच समजत नाही. रोकड बाळगायचीच कामून? आरटीजीएस करा, चेक द्या. आमच्या सेलूच्या मोंढ्यात कापसाचे अर्धे व्यवहार आता खात्यावर होतात. रोकड नसली की चोर नाही, चोर नसला की हत्यार नाही. माझे वडील निजामाच्या राज्यात लहानाचे मोठे झाले. रझाकाराच्या काळात घरात ठासणीची बंदूक होती. ते सांगायचे, बंदूक आहे हे गावाला कळल्यावर बंदुकीसाठीच लोक येऊ लागले.

हळदवाला_वसमत

गुरुजी, नमस्कार. तुमचं पटतं. पण ज्याचं खातं कर्जात गेलंय त्याला खात्यावर पैसे नको असतात, बँक आधी आपलं कापून घेते. तो हात जोडून रोख मागतो. त्याला मी काय नियम सांगू?

हवालदार साहेब, वजनाचं डोक्यात बसलं. उद्यापासून पाचशेचं अन् दोनशेचं लोखंडी माप पंच्यात गुंडाळून पट्ट्यात खोचतो.

बालाघाट

बीडचा आहे म्हणून न विचारता सांगतो. घ्या, पण फोटो काढू नका. आमच्याकडं लग्नाच्या वरातीत, वाढदिवसाच्या केकवर, गाडीच्या बॉनेटवर, सगळीकडं हत्यार ठेवून झालं. स्टेटसला टाकून झालं. मग २०२५ मध्ये परवान्यांची छाननी झाली अन् शंभराहून जास्त परवाने गेले. त्यात खरंच गरज असलेलेही भरडले असतील, कोण बघतंय. माझ्या चुलत्याला आजोबांच्या बारा बोरसाठी तीन चकरा माराव्या लागल्या, त्यानं आयुष्यात फक्त रानडुकरावर हवेत बार काढला होता.

आमच्याकडं एक रोग आहे. हत्यार घेतलं की शर्ट आत खोचायचा. मूठ दिसली पाहिजे ना!

वकीलताई_संभाजीनगर

बालाघाट यांनी विनोदानं सांगितलं ते कायद्यात गंभीरपणे लिहिलेलं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर नेताना ते होल्स्टरमध्ये (हत्याराच्या म्यानात) किंवा त्यासाठीच्या पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. परजणं, दाखवणं मना आहे. म्हणजे 'लपवून बाळगावं की उघडं' असा प्रश्न आपल्याकडं उरतच नाही. मूठ दिसली की तुमचा परवाना तुम्ही स्वतःच धोक्यात घातला. २०१९ च्या दुरुस्तीनं आणखी दोन गोष्टी झाल्या. आनंदाच्या भरात गोळीबार केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं. आजोबांची बारा बोर तुमच्या नावावर असेल तर ती एक धरा.

स्वसंरक्षणाचं पण सांगते, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही आणि माझ्याकडं लोक नंतर येतात. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये तो हक्क आहे. जबरी चोरीत जिवावर बेतण्याची वाजवी भीती असेल तर तो खूप पुढंपर्यंत जातो. पण पिशवी घेऊन चोर पळत सुटला, तुमच्याकडं पाठ आहे, तेव्हा तुमच्या जिवाची भीती संपलेली असते. तिथं चाप ओढला तर पुढची आठ वर्षं तुम्ही माझ्यासमोरच्या खुर्चीत. हळदवाले, तुमच्या प्रसंगात ते कधी पळाले?

हळदवाला_वसमत

ताई, खरं सांगू? ढकललं, मी पडलो, उठेपर्यंत गाडी चालू झाली होती. सगळं मिळून दहा सेकंद. मी उठून बघितलं ते त्यांचं मागचं लाल लाइटच.

हे तुम्ही विचारल्यावर रात्री झोप नाही आली.

माजी_हवालदार_उदगीर

वकीलताईंनी एका प्रश्नात जे केलं ते मला चार परिच्छेदांत जमलं नाही.

हळदवाले, नाउमेद होऊ नका. पण हत्यार त्या दहा सेकंदांसाठी नसतंय. ते त्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटासाठी असतंय, जेव्हा मोटारसायकल दुसऱ्यांदा मागं दिसते. तेव्हा पुलावर न जाता पेट्रोल पंपावर वळलात तर हत्यार कमरेलाच राहतं.

गंगाखेडकर

जुन्या विलायती पिस्तुलाबद्दल कोणाला मोह असेल तर आमच्या मामाची गोष्ट ऐका. नाव-गाव सांगत नाही, एका दुकानातून त्यांनी नावाजलेल्या जर्मन कंपनीचं पिस्तूल जमिनीच्या तुकड्याच्या किमतीत घेतलं. दिसायला सोन्यासारखं. पहिल्याच सरावाला तिसरी गोळी नळीच्या तोंडाशी वाकडी अडकली. मॅगझीनचे ओठ झिजलेले. दुसरं मॅगझीन शोधायला मामा चार शहरं फिरले, मिळालं नाही. एका लोहारानं पक्कडनं ओठ दाबून दिले, आता दोन गोळ्या जातात, तिसरी देवाच्या भरवशावर. पूजेला ठेवतात दसऱ्याला.

दुकानात_काम_करतो

कुठल्या दुकानात ते विचारू नका. गिऱ्हाईक दुकानात येतं, हातात घेतं, आरशात बघतं, मूठ कशी दिसते ते विचारतं. चाप किती जणांनी ओढून बघितला? दहातला एक. मालकाला विचारून, रिकामं आहे हे स्वतः उघडून बघून, नळी भिंतीकडं धरून चाप सलग दहा वेळा ओढा. आठव्या-नवव्याला बोट थरथरायला लागलं तर ते तुमचं नाही. चक्री अंगठ्यानं हलवून बघा, घोडा मागं असताना ती खडखडायला नको. बिजागरीच्या कुलपात फट नको. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: हत्यारावरचा नंबर स्वतः वाचा, पुस्तकावर चढताना स्वतः वाचा, पावतीवर पुन्हा वाचा. आकड्यातला आठ तीन झाला तर दुरुस्तीला वर्ष जातं, अन् तोपर्यंत तुमच्याकडं असलेलं हत्यार कागदावर तुमचं नाही.

चपटं विकलं तर मला काय जास्त मिळत नाही, पण बसून काम करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी पण चक्रीचं हलकंच सांगतो.

उसाचा_ट्रॅक्टर

दुकानदारानं गिऱ्हाइकाला खरं सांगितलं. आज पाऊस पडणार.

हळदवाला_वसमत

वजनाचा अहवाल देतो. घरात हसू झालं, पण देतो.

पहिला दिवस. सातशे ग्रॅम, उजव्या कमरेला, पट्टा नेहमीचाच. गादीवर मांडी घातली अन् मापाचा कोपरा बरगडीत घुसला. पुढं सरकवलं तर मांडीत घुसलं. मागं सरकवलं तर लोडाला टेकता येईना. दुपारपर्यंत मी असा तिरपा बसलो होतो की हमालानं विचारलं, मालक, पाठीत भरलंय का?

दुसरा दिवस. पट्टा नीट जाड कातडी घेतला, लई फरक पडला. मोटारसायकलवर काही त्रास नाही. मात्र संध्याकाळी शर्ट घामानं चिकटला अन् मापाचा चौकोन पाठीमागून वहीतल्या आकृतीसारखा दिसायला लागला. आमच्याकडं मेमधे पारा बेचाळीसवर असतो, जाकीट घालणाऱ्या माणसाकडं लोक हत्यार असल्यासारखंच बघतील.

तिसरा दिवस. हे लिहू का नको असं झालंय. संडासात गेलो, पट्टा सोडला, अन् दोनशेचं माप सुटून फरशीवर. टण्ण! बाहेरून आई विचारते, काय पडलं? मी हातातला डबा तसाच धरून दोन मिनिटं उभा. ते माप नसतं तर, एवढाच विचार.

चौथा दिवस, शनिवार. मारुतीला वाकलो, शर्ट मागून वर गेला. पुजारी ओळखीचाच. म्हणाला, कमरेला काय रे? म्हटलं, माप. म्हणाला, देवळात सुद्धा?

पाचव्या दिवशी दोनशेचं काढून टाकलं, फक्त पाचशे. काय सांगू, चप्पल काढल्यासारखं वाटलं. दोनशे ग्रॅमनं एवढा फरक पडतो हे हळद मोजून आयुष्य गेलेल्या माणसाला माहीत नव्हतं.

माजी_हवालदार_उदगीर

वा! असा अहवाल आमच्या पलटणीत कोणी दिला नाही.

तिसऱ्या दिवसाचं गंभीरपणे घेऊ, बाकी किरकोळ आहे. एक, संडासात पट्टा सोडायच्या आधी हत्यार होल्स्टरसकट काढून हातात किंवा पायातल्या पायजम्याच्या झोळीत ठेवायचं. होल्स्टरमधून बाहेर काढायचं नाही, अन् खुंटीला तर कधीच टांगायचं नाही, विसरून लोक बाहेर येतात. दोन, हातातून निसटलं तर झेलायचं नाही. पडू द्यायचं. आजच्या रिव्हॉल्व्हरमधे घोडा अन् काडतूस यांच्या मधे अडसर असतो, पडून बार होत नाही; बार होतो तो झेलताना बोट चापात गेल्यानं. भांडं पडताना आपला हात आपोआप पुढं जातो, ही सवय मोडायला महिना लागतो. जुन्या, अडसर नसलेल्या चक्रीत घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचे, पाचच गोळ्या. म्हणून जुनं घ्यायचं झालं तर हे आधी विचारायचं.

होल्स्टरचं. चापाची कडी पूर्ण झाकणारं पाहिजे. दुकानात मिळणारं कापडी, क्लिपवालं घेऊ नका, हत्यार काढलं की ते चपटं होतं अन् परत घालताना शर्टाचं टोक किंवा नाडी चापाच्या कडीत जाते. टणक कातड्याचं, तोंड उघडं राहणारं, पट्ट्याच्या आत बसणारं शिवून घ्या. बुडाच्या जरा पुढं, उजव्या खिशाच्या मागं. वाकताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून बसा. मारुतीला पण चालतं.

रात्री कातड्यातून काढून ठेवा. घामाचं मीठ कातड्यात मुरतं अन् काळ्या पोलादाला एका पावसाळ्यात तांबारा धरतो. निर्भीकला हा त्रास कमी, पण स्क्रू अन् स्प्रिंग त्याच्याही पोलादीच आहेत. रोज फडक्यानं पुसायचं, आठवड्याला तेलाचा एक थेंब. एकच. आमच्याकडं तेल म्हटलं की लोक शेवया तळायला बसतात. जास्तीचं तेल काडतुसाच्या बुडात झिरपतं अन् तेच पुढं फुसकं निघतं. बाळगलेली सहा काडतुसं वर्षाला सरावात उडवा, नवी भरा.

परभणीची_मी

एक विचारू? घरात लेकरं आहेत का? एवढ्या चर्चेत पट्टा झाला, कातडं झालं, तेल झालं, पण घरात आल्यावर ते जातं कुठं हे कोणी विचारलं नाही. माझ्या माहेरी कपाटात साड्यांच्या खाली असायचं. आम्हां तिघी बहिणींना ते ठाऊक होतं, अन् वडिलांना वाटायचं कुणालाच ठाऊक नाही.

हळदवाला_वसमत

ताई, दोन आहेत. थोरला अकरा, धाकटी सहा. भिंतीत बसवायची छोटी तिजोरी सांगितलीय, आकड्याची. सुरक्षित ठेवीन असं अर्जासोबत लिहून पण दिलंय. पण साड्यांखालचं वाचून हिला दाखवलं, ती म्हणाली, आकडा मला पण सांगू नका.

अजून एक अडचण. महिन्यातून दोनदा मी निजामाबादच्या हळद बाजारात जातो, बिलोलीवरून. तिकडंच खरी रोकड असते. रस्त्यात बाळगायला हरकत नाही ना?

वकीलताई_संभाजीनगर

पुस्तक उघडा आणि क्षेत्राच्या रकान्यात काय आहे ते वाचून इथं लिहा.

हळदवाला_वसमत

"महाराष्ट्र राज्य."

वकीलताई_संभाजीनगर

मग बिलोलीच्या पुढं, तेलंगणाची हद्द लागली की तुमच्या कमरेला विनापरवाना हत्यार आहे. परवाना असला तरी. आणि विनापरवान्याला २०१९ नंतर कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. सांगलीला जा खुशाल. निजामाबादला जायच्या दिवशी ते तिजोरीत. क्षेत्र वाढवून मिळतं, पण त्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळं कारण द्यावं लागतं.

गुरुजी_सेलू

म्हणजे जिथं रोकड जास्त तिथं हत्यार घरी. अन् जिथं हत्यार कमरेला तिथं चोर दहा सेकंदांत पसार. मी काही बोलत नाही.

बालाघाट

गुरुजी, बोललात की!

माजी_हवालदार_उदगीर

गुरुजींचा टोमणा खरा आहे, पण अर्धा. सराव करणाऱ्याला हत्यार नुसतं गोळी देत नाही, आजूबाजूला बघायची सवय देतं. अडचण अशी की सराव करायचा कुठं? आपल्या भागात रायफल क्लब आहेत तिथं हवेच्या पिस्तुलाची दहा मीटरची पट्टी, फार तर पॉइंट टू टू. बत्तीस बोर उडवायला जागा विचारत हिंडावं लागतं, अन् शेतात बार काढाल तर ठाण्यातून फोन येईल. म्हणून घरी डमी (दारू नसलेली, खोटी) काडतुसं घालून रोज वीस वेळा चाप ओढा, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. समोर भिंतीला एक टिकली चिकटवा. घोडा पडताना माशी हलली नाही पाहिजे. म्हणजे नळीच्या टोकावरची माशी, घरातली नव्हे.

हळदवाला_वसमत

घेतलं. निर्भीक. दुकानात दहादा चाप ओढला, नवव्याला बोट थरथरलं, पण प्रबलला सातव्यालाच थरथरलं होतं. प्रबल तुलनेत आखीव वाटलं, हात मोठा असता तर घेतलं असतं. नंबर तीनदा वाचला, पावतीवर एक आकडा खरंच चुकला होता, तिथंच दुरुस्त करून घेतला. दुकानात काम करणाऱ्या भावा, तुला एक किलो सेलमची हळद माझ्याकडून. होल्स्टर आमच्याच गावच्या चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्याबाबाकडून करून घेतलं. त्यानं आधी विचारलं, आत काय राहणार? मी लाकडाचा सुताराकडून तासून घेतलेला नमुना दिला, त्यानं तो हातात फिरवला अन् काही न बोलता मापं घेतली.

ठाण्यात नोंद केली. तिजोरी बसली.

उसाचा_ट्रॅक्टर

म्हशींचं काय ठरलं?

हळदवाला_वसमत

मंडळी, आज लई दिवसांनी. बाळगून बरोबर एकोणीस दिवस झाले होते. बसायची सवय झाली, वाकायची झाली, मोटारसायकल मागं दुसऱ्यांदा दिसली की वळायची पण झाली. दोनदा वळलो, दोन्ही वेळा आपल्याच गल्लीतली पोरं निघाली. विसाव्या दिवशी नगरपालिकेची आचारसंहिता लागली अन् ठाण्यातून फोन आला, हत्यार जमा करा.

वकीलताई_संभाजीनगर

सरसकट जमा करायचं नसतं. छाननी समिती असते, प्रत्येकाचं कारण बघून ठरवायचं असतं, उच्च न्यायालयानंही हेच सांगितलं आहे. तुमच्यावर हल्ला झालेला आहे, गुन्हा दाखल आहे, त्याची प्रत लावून सूट मागता आली असती. लेखी नोटीस होती की नुसता फोन?

हळदवाला_वसमत

नोटीस नंतर आली, ताई. मी फोनवरच गेलो. पुढच्या वेळी तुम्हाला आधी विचारीन.

माजी_हवालदार_उदगीर

कातड्यात घालून नाही ना दिलं? मालखान्यात, म्हणजे ठाण्याच्या जमा वस्तूंच्या खोलीत, ओल असते.

हळदवाला_वसमत

नाही साहेब. एक थेंब तेल, सुती फडकं, प्लास्टिकचा डबा. पावतीवर लिहून घेतलंय: रिव्हॉल्व्हर एक, काडतुसं पंचवीस. होल्स्टर घ्यायला त्यांनी नकार दिला, म्हणाले हे शस्त्र नाही. ते अजून कमरेलाच आहे, नसलं की पट्टा सैल लागतो. सध्या त्यात गल्ल्याची किल्ली ठेवतो.